कंपनी फिटिंग

किन्हवलीतल्या कंपनीकाकांनी आयुष्यात कधी कुठल्या कंपनीत नोकरी केली नाही. “कंपनी फिटिंग आहे, हात लावू नका” हे वाक्य ते दिवसभर इतक्यांदा म्हणतात की गावाने त्यांचं बारसं नव्याने केलं. त्यांच्या फ्रिजवर तारे छापलेला स्टिकर अजून आहे. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि बटणं पिशवीवरूनच दाबली जातात. ही जमात शहापूरपासून मुरबाडपर्यंत घरटी एक तरी सापडते. पण तिचं खरं तेज बघायचं असेल तर तिच्या दारातल्या चारचाकीला कुणीतरी स्क्रू मारायला यावं लागतं.

काकांनी पांढरी गाडी घेतली ती २०१८च्या दसऱ्याला. शोरूममधल्या पोराने नंबर प्लेट आणि ड्रिल मशीन एकदमच आणलं, तसे काका बंपरसमोर आडवे झाले. “काय करतोस?”

“काका, प्लेट लावतो. दोन भोकं मारली की झालं.”

“नव्या गाडीला भोक?” काकांचा आवाज चढला. “मग मी जुनीच नसती घेतली?”

या युक्तिवादाला शोरूममध्ये कुणापाशी उत्तर नव्हतं. प्लेट काकांच्या हातात आली. पुढे बंपरवर तात्पुरत्या नंबराचा कागदी स्टिकर होता, तो कंपनीचाच समजून तसाच राहिला. तिथून काका थेट टिटवाळ्याला गेले. गुरुजी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला लागले, तेव्हा काकांनी हात जोडून विनंती केली, “काचेवर काढा. काच पुसता येते.” चाकाखालच्या लिंबांना मात्र त्यांची हरकत नव्हती. टायर झिजायचेच असतात.

माणूस मुळात नाजूक मनाचा आहे, असं कुणी समजू नये. नातीचे कान टोचले तेव्हा तिला मांडीवर घट्ट धरून बसले होते ते हेच काका. पोरीने घर डोक्यावर घेतलं, काका म्हणाले, “दोन मिनिटांचं काम आहे.” मोठ्या भोकांचंही त्यांना वावडं नाही. समृद्धी महामार्ग आपल्या शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. त्यासाठी कसाऱ्याच्या बाजूला सह्याद्रीच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा काढला. त्याचं काकांना कौतुकच आहे. सह्याद्रीला चालतं ते बंपरला का चालत नाही, असं कुणीतरी त्यांना नाक्यावर विचारलं. काका शांतपणे म्हणाले, “डोंगराला रीसेल व्हॅल्यू नसते.”

बिनभोकाची प्लेट बसवायचे जगात जेवढे मार्ग आहेत, तेवढे काकांनी चालून पाहिले. आधी प्लेट डॅशबोर्डवर काचेला टेकवून ठेवली. ती वळणावर घरंगळायची आणि काकूंच्या मांडीत यायची. काकूंनी काही दिवस सोसलं, मग सरळगावच्या वळणावर नंबरासकट खाली उतरण्याची धमकी दिली. मग लोहचुंबक आला. गाडी लोखंडाची असते हे खरं, पण बंपर प्लास्टिकचा असतो, हे काकांना चुंबक विकत घेतल्यावर कळलं. तो चुंबक हल्ली काकूंच्या शिवणाच्या डब्यात सुया सांभाळतो.

मग आला दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप. टेपवाली प्लेट उन्हाळाभर हलली नाही. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओढून बघायला लावत. पण आपल्याकडच्या पावसाशी टेप बनवणाऱ्याची ओळख नसावी. मुरबाडहून येताना रस्त्यावर साचलेल्या पाण्यात गाडी घातली, पाण्याच्या रेट्याने प्लेट सुटली आणि काका पुढे आले, नंबर मागे राहिला. दुसऱ्या दिवशी गुराख्याच्या एका पोराने ती आणून दिली. पोराला दहा रुपये आणि बंपर वाचल्याची हकीकत, दोन्ही मिळालं. पुढे बाइंडिंग तारेचा प्रयोग झाला. तारेने रंग खरवडला जाईल म्हणून तारेखाली सायकलची ट्यूब कापून घातली. शेवटी केबल टाय आले. जाळीतून ओवून चार टाय आवळले, त्यांची शेपटं मिशीसारखी बाहेर राहिली. शेपटं कापायची नाहीत, कारण कंपनीने ती तेवढीच दिलेली असतात.

मध्येच काकांच्या अमेरिकेतल्या भाच्याने मामाला तत्त्वज्ञान पुरवलं. तो पेनसिल्व्हेनियात असतो आणि तिथे गाडीला पुढे नंबर प्लेट लागतच नाही. नुसती मागे असली की झालं. “याला म्हणतात सुधारलेला देश,” काका म्हणाले. बाकी अमेरिकेची माहिती त्यांनी फारशी घेतली नाही. जिथे पुढे प्लेट लागते, त्या राज्यांतले शौकीन लोक काय करतात, हेही भाच्याने फोटोसकट कळवलं. बंपरवर एक छोटं चौकोनी झाकण असतं. ते काढलं की आत आटे असलेली जागा असते, बंद पडलेली गाडी ओढताना हूक पिळायची. त्याच आट्यांत दांडा पिळायचा आणि दांड्याला प्लेट लावायची. एकही भोक नाही! काकांनी तसला दांडा बनवून घेतला. प्लेट बंपरच्या एका बाजूला गेली आणि गाडी अर्धांगवायू झाल्यासारखी दिसू लागली, पण काकांची छाती फुगली. “हे बघ,” ते म्हणायचे, “आटे कंपनीचे!”

मग भात लावणीचे दिवस आले. लावणीच्या बायांचा डबा घेऊन काका बांधापर्यंत गाडी घेऊन गेले आणि पुढची दोन्ही चाकं चिखलात बसली. शेजाऱ्याचा पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला, दोर हातात घेऊन वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“काका, दोर कुठं अडकवू? हुकाच्या जागी तर तुमचा नंबर आहे.”

“बंपरला नको!”

“मग कशाला?”

काकांनी सभोवार पाहिलं. पाऊस धो धो लागलेला. बाया आवण हातात धरून खुदुखुदु हसत होत्या. मग काका गुडघाभर चिखलात उतरले, पाना घेऊन दांडा सोडवला, प्लेट छातीशी धरली, हूक पिळला. गाडी निघाली. काका घरी येईपर्यंत प्लेट पुन्हा काकूंच्या मांडीवर होती.

एव्हाना सरकार जागं झालं होतं. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचा नियम देशात २००१मध्येच आला. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाड्यांपर्यंत पोचायला त्याला पाव शतक लागलं. काकांची गाडी बरोबर त्या तारखेच्या आधीची. आधी ३१ मार्च २०२५ची मुदत होती. मग ३० जून झाली, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर. प्रत्येक मुदतवाढ म्हणजे बंपरला मिळालेला अटकपूर्व जामीन, असं काका धरून चालले. नाक्यावर पेपर उघडून म्हणायचे, “सरकारलाही भोक पाडायची इच्छा दिसत नाही.”

पण नव्या प्लेटचा त्यांनी अभ्यास चोख केला होता. अॅल्युमिनियमचा पत्रा, उठावाचे आकडे, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चमकता ठसा, त्याखाली निळं ‘आयएनडी’, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक, काचेला आतून लावायचा वेगळा स्टिकर. चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. हे सगळं त्यांना मान्य होतं. ४१४१ला वळणं देऊन ‘दादा’ लिहिणाऱ्या आणि ८०५५चा ‘बॉस’ करणाऱ्या पोरांची जिरली, याचा तर आनंदच होता. काळजी एकाच गोष्टीची. ही प्लेट टेपने किंवा टायने चालत नाही. तिला स्नॅप लॉक ठोकतात आणि ते एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही.

शेवटी ऑनलाइन तारीख घेतली आणि काका सेंटरवर गेले. सोबत काकू, आणि गंमत बघायला आम्ही दोघेतिघे. फिटिंगवाला पोरगा विशीतला. तो ड्रिल घेऊन वाकला, काका त्याच्या आणि बंपरच्या मध्ये.

“काका, बाजूला व्हा जरा.”

“भोक न पाडता होईल का बघ. जास्तीचे पैसे देतो.”

पोराने उत्तर दिलं नाही. सात वर्षं उन्हापावसात पिवळा पडलेला तो तात्पुरत्या नंबराचा कागद त्याने नखाने खरवडला आणि एका झटक्यात सोलून काढला. काकांच्या तोंडून “अरे, अरे, कंपनीचा...” एवढंच निघालं. कागदाखाली दोन भोकं होती. गोल, गुळगुळीत, समान अंतरावर. कारखान्यातून आलेली.

“ही तर कंपनीनेच दिलीत,” पोरगा म्हणाला. त्याने ड्रिल खाली ठेवलं, प्लेट धरली, स्नॅप लॉक आत दाबलं. टक. दुसरं. टक. बिल झालं, पुढची गाडी आली.

गावाने हेच काकांना आडून सांगितलं होतं, उघड सांगितलं होतं, पंगतीत सांगितलं होतं. पण कान सोनारानेच टोचावे लागतात. परतीच्या वाटेवर काका बराच वेळ गप्प होते. काकूंनी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हटलं, “सात वर्षं मी मांडीवर नंबर घेऊन फिरले.”

काका खचले असतील, असं आम्हाला वाटलं होतं. आठवड्याभरात ते नाक्यावर एका नव्या गाडीसमोर उकिडवे बसलेले दिसले. गाडीवाला कान देऊन ऐकत होता आणि काका बंपरवर बोट ठेवून समजावत होते, “भोकं आधीपासून असतात, कळलं? माणसाने फक्त विश्वास ठेवायचा. हा स्टिकर सोल बघू.”

गाडीवाल्याने स्टिकर सोलला. खाली एकही भोक नव्हतं. काका उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, “तुझी कंपनीच बोगस आहे.”