पायाजीराव

अकरावीच्या विज्ञानशाखेत मोठ्या उमेदीने दाखल झालेल्या आणि पहिल्याच चाचणी परीक्षेत गणिताने ज्यांची यथासांग मानखंडना केलेली आहे अशा विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण चार दिवस उदास राहतात, शिकवणीचे सर बदलतात आणि यथावकाश निर्ढावतात. परंतु प्रत्येक तुकडीत एखादा असा सत्त्वशील जीव निघतोच, की जो उत्तरपत्रिकेची घडी शांतपणे खिशात घालून ‘माझा पायाच कच्चा आहे’ असा कबुलीजबाब देतो, आणि तो देताना त्याच्या मुद्रेवर अपराध्याची लज्जा लेशमात्र नसून मूलगामी संशोधकाचे समाधान विलसत असते. या जातीच्या विद्यार्थ्याला आम्ही पायाजीराव म्हणतो.

पाया कोणी कच्चा ठेवला, याची चौकशी घरी रीतसर होते. कॉलेजातले प्राध्यापक माध्यमिक शाळेकडे बोट दाखवतात, माध्यमिक शाळा प्राथमिक शाळेकडे, आणि प्राथमिक शिक्षक मुलाच्या मातोश्रींकडे; प्रकरण शेरे खात खात खालच्या कचेरीकडे वर्ग होत जाते आणि कोणावरच काही शाबीत न होता अखेरीस दप्तरदाखल होते. वास्तविक पायाजीरावांची बाजू अगदीच लंगडी नसते. दहावीपर्यंत ज्याने मराठीत वर्गसमीकरणे सोडवली, त्याला अकरावीत तीच समीकरणे एकाएकी इंग्रजीत भेटतात आणि ओळख दाखवीत नाहीत. शिवाय दहावीला पाठ केलेल्या रीतीवर भरघोस गुण मिळून गेलेले असतात, त्यामुळे रीत कळली होती की नुसती लक्षात होती, हा प्रश्न तोपर्यंत कोणी उपस्थित केलेला नसतो. पण ही सारी सहानुभूती, पायाजीराव प्रत्यक्ष पायाभरणीस प्रारंभ करतात तेव्हा, संपुष्टात येते.

प्रारंभ अप्पा बळवंत चौकात होतो. तेथून 1887 साली प्रथम प्रसिद्ध झालेले हॉल आणि नाइट यांचे बीजगणित आणि 1893 सालची लोनीची त्रिकोणमिती असे दोन वयोवृद्ध ग्रंथ जुन्या प्रतींच्या ढिगातून मिळवले जातात, त्यांना खाकी कव्हरे चढतात, कव्हरांवर सुवाच्य अक्षरांत नाव घातले जाते, आणि एवढ्या श्रमांनंतर त्या दिवशीचा अभ्यास तहकूब होतो.

पुढचा प्रवास मात्र सर्वस्वी अधोगामी असतो. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातले पहिलेच प्रकरण कोन आणि त्याचे मापन. 180 अंश म्हणजे पाय रेडियन, हे वाक्य वर्गातली इतर मुले निमूटपणे उतरवून घेतात. पायाजीरावांना ते मूळ कारणासह हवे असते. रेडियन म्हणजे कंसाची लांबी आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर, तेव्हा आधी गुणोत्तर पक्के केले पाहिजे. गुणोत्तर म्हणजे शेवटी अपूर्णांकच, तेव्हा अपूर्णांक. अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून गुणायचे, हे पाचवी-सहावीत ज्या श्रद्धेने स्वीकारले होते ती श्रद्धा आता ढळलेली असते, म्हणून मुक्काम गुणाकारावर; आणि गुणाकार आला की पाढे आलेच. येथे घरातले आजोबा, ज्यांचा सल्ला गेल्या कित्येक वर्षांत कोणीही विचारलेला नव्हता, एकदम प्रकाशात येतात, आणि ‘अरे, आमच्या वेळी पावकी, निमकी, पाउणकी सगळी तोंडपाठ करून घेत’ असे म्हणून साडेतीनाचा पाढा, म्हणजे औटकी, खणखणीत आवाजात म्हणून दाखवतात. पायाजीराव मंत्रमुग्ध होतात. तिकडे वर्गात निश्चायके आणि सारणी संपून सरळ रेषा सुरू झालेली असते.

आमच्या अल्प मतीप्रमाणे अकरावीच्या गणिताला लागणारा पाया म्हणजे चारच गोष्टी : कंस सोडवताना चिन्हांकडे लक्ष ठेवणे, अपूर्णांकांचे छेद समान करणे, अवयव पाडणे आणि घातांकांचे नियम. ‘अ अधिक ब’चा वर्ग करताना मधले पद गाळणे आणि ‘क्ष अधिक 3’ भागिले 3 यातले तीन निर्दयपणे खोडून टाकणे, एवढ्या दोन सवयी मोडल्या तरी निम्मी थकबाकी वसूल होते, आणि हे काम दिवाळीच्या सुटीत, फराळाला धक्का न लावता, उरकण्याजोगे आहे. परंतु ही तजवीज पायाजीरावांना क्षुद्र वाटते. त्यांना डागडुजी नको असते. परिणामी त्यांचा पाया खणता खणता विहीर होते आणि घर बांधायचे होते हे विस्मरणात जाते.

सीमा या प्रकरणाच्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिले : क्ष वर्ग वजा 4, भागिले क्ष वजा 2, क्ष जेव्हा 2 कडे जातो तेव्हा याची सीमा काढा. किंमत थेट घातली तर शून्य भागिले शून्य. पण वरच्या राशीचे अवयव पाडले की ‘क्ष वजा 2’ जातो, ‘क्ष अधिक 2’ उरतो, आणि उत्तर येते 4. आठवीतले अवयव, याहून काही नाही. हे अवयव पायाजीरावांना खाली उतरताना वाटेत भेटले होते, परंतु मूळ कारण आणखी खाली आहे अशा समजुतीने ते तेथे थांबले नव्हते. आता ते ग्रंथालयात रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाची चौकशी करीत होते. त्याच्या 1910 सालच्या पहिल्या खंडात एक आणि एक मिळून दोन होतात या मुद्द्याशी पोहोचायला साडेतीनशेहून अधिक पाने खर्ची पडली आहेत, असे त्यांना कोठून तरी कळले होते, आणि आपल्या योग्यतेचे लेखक अखेर गवसल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

शेवटी सरांनीच त्यांना बाजूला घेतले. ‘अरे, गणित पायापासून वर वाढले असे तुला कोणी सांगितले? कलनशास्त्र न्यूटन आणि लाइब्नित्स यांनी सतराव्या शतकातच उभे केले, ग्रहांच्या गती त्यावर मांडल्या गेल्या, आणि सीमा म्हणजे नेमके काय, हे नीट बांधायला कोशीने सुरुवात केली ती 1821 साली. मधली सव्वाशेहून अधिक वर्षे सगळे थोर लोक वरच्या मजल्यावर बिनघोर राहत होते. तूही ये वर. लागेल तसे खाली जाऊन आणू.’

पायाजीरावांनी हे सर्व अत्यंत आदराने ऐकून घेतले, क्षणभर डोळे मिटले आणि खऱ्याखुऱ्या कळवळ्याने विचारले, ‘म्हणजे सर, न्यूटनचाही पाया कच्चाच राहिला होता?’