संकल्प पन्नासांचा

काही माणसांना छोटं असं काही सुचतच नाही. चारोळी लिहायला सांगावी, तर ते पंचवीस खंडांची घोषणा करून मोकळे होतात. चेंबर-पॉपवाले, म्हणजे साध्या गाण्याभोवती वाद्यवृंद मांडणारे गायक-कवी याच जातकुळीतले. त्यांचा मुकुटमणी म्हणजे डेट्रॉइटमध्ये जन्मलेला सुफ्यान स्टीव्हन्स.

आवाज असा, की शेजारी झोपलेलं बाळसुद्धा उठू नये. दुःखही बेताचं, एका गिटारीत मावणारं. पण भोवती बँजो, ओबो, व्हायब्राफोन, अ‍ॅकॉर्डियन, व्हायोलिनं आणि वर कोरस! एकट्याला खिचडी खायची, तरी पंगत मांडायची. शिवाय यातली बरीच वाद्यं हाच वाजवतो, म्हणजे वाढपीही तोच. रेकॉर्ड कंपनीही घरचीच, सावत्र वडिलांबरोबर काढलेली.

२००३ मध्ये 'मिशिगन' हा अल्बम आला आणि साहेबांनी जाहीर केलं, की अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक अल्बम करणार. २००५ मध्ये 'इलिनॉय' आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. त्यातल्या एका तुकड्याचं शीर्षक ५३ शब्दांचं आहे. आत मात्र नुसतं संगीत. शब्द शीर्षकातच संपले असावेत.

लोक तिसऱ्या राज्याची वाट बघत बसले. हा कुठला बसतोय! त्यानं ख्रिसमसच्या गाण्यांचे दोन संच काढले: २००६ मध्ये ४२ गाणी, २०१२ मध्ये ५८. म्हणजे शंभर पूर्ण! मधल्या काळात ब्रुकलिन आणि क्वीन्सला जोडणाऱ्या, गाड्यांनी तुंबलेल्या हमरस्त्यावर वाद्यवृंदासाठी रचना केली आणि ती वाजत असताना रंगमंचावर हुला-हूप फिरवणारी मंडळी उभी केली. राज्यांचं विचारलं, तर म्हणाला, ती गंमत होती हो, प्रसिद्धीपुरती.

मग २०१२ मध्ये आई गेली. तो तान्हा असतानाच घर सोडून गेलेली आई. तिच्यावरचा 'कॅरी अँड लोवेल' २०१५ मध्ये आला. ना घोषणा, ना वाद्यांचा ताफा. या वेळी पानात नुसती खिचडी, आणि हाच त्याचा सगळ्यांत चांगला अल्बम मानणारे कमी नाहीत.

पण जित्याची खोड! २०२० च्या जुलैत त्यानं 'अमेरिका' नावाचं साडेबारा मिनिटांचं एकच गाणं काढलं. राहिलेली ४८ राज्यं बहुधा त्यातच एकरकमी उरकली. राज्यामागे जेमतेम पंधरा सेकंद पडतात. इलिनॉयला जरा झुकतं माप मिळालं, एवढीच काय ती तक्रार.