सातवा स्वल्पविराम

आमच्या बालाघाटात सकाळी माणूस भेटला की लोक ‘चहा झाला का’ विचारतात. काकाजी विचारतात, “किती दिसून राहिले?” नवख्याला वाटतं, मोतीबिंदूची चौकशी चालली आहे. चौकशी असते उपग्रहांची.

काकाजी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत सर्व्हेअर होते. निवृत्तीनंतर माणसं गुडघे सांभाळतात. यांनी गच्चीवर टाकीशेजारी लोखंडी पाइप रोवला, त्याच्या टोकावर अँटेना बसवला आणि जिन्याखालच्या कोनाड्यात, जिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असत, तिथे जीपीएसचा रिसिव्हर आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक मांडला. बरण्या कुठे गेल्या, हा विषय काकूंसमोर काढायचा नाही.

१८२३ साली हिंगणघाटला वारलेला विल्यम लॅम्बटन, साखळ्या घेऊन देश मोजायला निघालेला तो गोरा साहेब, काकाजींना सख्ख्या आजोबांसारखा. वर्ध्याकडे कुणाचं लग्न निघालं की हे अक्षता टाकायच्या आधी त्याच्या थडग्यावर जाऊन येतात. “अर्ध्या टनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून नेलं त्यानं, राजे हो! अन् मी? पुण्यात खाटेवर बसून बालाघाटचं यंत्र हाकतो. अकरा ओळींची स्क्रिप्ट. साधी आहे.”

‘साधी आहे’ म्हटलं की पाऊण तास गेला समजावं. रिसिव्हर दर सेकंदाला काही ओळी बडबडतो, सगळ्या स्वल्पविरामांनी तोडलेल्या. त्यातल्या एका ओळीत सातव्या स्वल्पविरामानंतर उपग्रहांचा आकडा असतो. स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी तो आकडा उचलते, वहीत टाकावा तसा फाइलीत टाकते आणि आकडा फार पडला तर काकाजींच्या मोबाइलला कळवते. दुसरी स्क्रिप्ट रिसिव्हरला झोपवून पुन्हा उठवते. तीन उपग्रहांत जागा सापडायला हवी, मग चौथा कशाला, असं चुकून विचारलंत तर रिसिव्हरच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढायला तो लागतो, हे ऐकायला आणखी पाऊण तास.

पण या खटाटोपाचं फळही त्यांच्याकडे आहे. आपला देश दर वर्षी सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. काकाजी चोवीस तासांची नोंद कॅनडा सरकारच्या सेवेकडे पाठवतात, तिथून फुकटात हिशेब होऊन येतो. चार वर्षांनी त्यांनी गल्लीत जाहीर केलं, “आपलं घर जवळपास वीतभर सरकलं!” सामायिक भिंतीवरून ज्यांच्याशी जुना वाद आहे, ते शेजारी ताडकन उठले. “म्हणजे भिंत तुमच्याकडे आली?” “तुमचंही तेवढंच सरकलं.” शेजारी बसले. काकूंनी आतून विचारलं, “मग घरपट्टी कोणत्या गावची भरायची?”

उन्हाळ्यात काकाजी मुलीकडे पुण्याला जातात. काकू जात नाहीत, त्यांच्या कुरड्या-पापडांचे दिवस ते. मागल्या एप्रिलात पुण्यातून फोन आला, “गच्चीवर काय करून राहिली? बाराचे पाच झाले!” काकूंनी अँटेनाच्या पाइपवर ओलं लुगडं वाळत घातलं होतं. आकाशातून हजारो किलोमीटर येता येता त्या लहरी इतक्या क्षीण होतात की ओल्या कापडापुढेही हात टेकतात. काकूंना त्यातलं काही नको होतं. एवढंच कळलं की नवऱ्याला पुण्यातून लुगडं दिसतं. दोन दिवस त्या आकाशाकडे पाठ करून वावरल्या.

आणि लाईट गेली, सगळंच अडून बसलं, की दोन्ही स्क्रिप्टा संपतात. तिसरी मी. किल्ली नाही, पण घर शेजारचं आहे. रात्री अकराला फोन. “झोपला तर नाहीस ना? जरा प्लग काढून लाव. मध्ये दहा मोजायचे, हां. घाई नको करू.” मी कोनाड्यात वाकलेला, काकू टॉर्च धरून, आणि पुण्यातून काकाजी माझ्याबरोबर मोजत असतात, कारण मी सातालाच लावतो हे त्यांना माहीत आहे. मग शांतता. मग वरात दाराशी आल्यासारखा आवाज: “दोन आले... तीन... चार! आले, आले!” मी घरी जाऊन आडवा होतो तेवढ्यात पुन्हा फोन. “नऊ झाले. तुला सांगावं म्हटलं.”

परवाची गोष्ट. सकाळी मी आमच्या गच्चीवर दात घासत होतो. कडक ऊन, काकूंची दोरी रिकामी. त्या ओलं लुगडं घेऊन वर आल्या, दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही, पाइपच्या टोकावर ते नीट दुहेरी करून टाकलं आणि टाकीच्या सावलीत पाटावर बसल्या. मोबाइल मांडीवर.

“काकू, दोरी रिकामी आहे की.”

“तीन दिवस झाले,” त्या म्हणाल्या, “फोन नाही त्यांचा.”

माझी चूळ भरून व्हायच्या आत मोबाइल वाजला.