धंद्यातली भोकं शोधण्याची सोपी रीत
(वडिलांच्या वर्कशॉपात नुकतेच बसू लागलेल्यांसाठी)

साहित्य: एक लॅपटॉप, एमबीएची पदवी आणि भोसरी एमआयडीसीतला चालता कारखाना. पदवी घरी राहिली तरी चालेल.

आधी मीटिंग बोलवा आणि ‘कुणाला काही अडचण?’ असं विचारा. कुणालाच नसते. चहा पिऊन सगळे मशीनवर जातात. ही पायरी संपली.

मग शॉपमध्ये उभे राहा. टोयोटाचे ताईची ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात माणसाला उभं करत, नुसतं बघायला. आपल्याकडे मालकाचा मुलगा उभा दिसला की कुणीतरी लगेच खुर्ची आणतं, आणि तो बसला की सगळं सुरळीत दिसू लागतं. खुर्ची नको म्हणा.

आता मुख्य कृती. कुणाची रजा मंजूर होत नाही, ते पाहा. स्टोअरचे काका गावच्या जत्रेला निघाले की वडिलांचा चेहरा उतरतो ना? भोक तिथेच आहे. काका स्वतः त्यात बसलेत म्हणून गळत नाही, एवढंच. कुठली डाय कुठल्या रॅकमागे, प्लेटिंगवाल्याकडचा माल परत आला की नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. चलानं खिळ्याला टोचलेली. आणि जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षभरात परतला नाही, तर जीएसटीच्या लेखी तो पाठवला त्याच दिवशी विकला गेला! कर भरा, वर व्याज. म्हणून काकांना आठ दिवस रजा द्या आणि फोन करू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमची यादी आपोआप तयार होते.

ऑफिसात येणी तपासा. २००६ च्या कायद्याने लघुउद्योजकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर बँकदराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज. ते मागितलेला माणूस मला अजून भेटायचाय. पुढची ऑर्डर जाईल ना! वडील ही रक्कम ‘संबंध’ या खाती टाकतात. टॅलीत हे खातं शोधू नका.

खंडेनवमीला मात्र हजर राहा. वर्षातली खरी तपासणी तीच. कपाटं पुसताना हरवलेले व्हर्निअर नव्या व्हर्निअरच्या शेजारीच निघतात. दोघांनाही गंध लागतं.

यादी वडिलांना दाखवण्याआधी तिच्यात एक ओळ स्वतःच्या हाताने घाला: तुमच्या गाडीचा हप्ता कारखान्याच्या खात्यातून जातो. नाहीतर जत्रेहून आल्यावर ती काका घालतील.