ग्रीक भावकी

ब्रदर आता पंचेचाळिशीला टेकलाय. टाळूवर चंद्र उगवलाय, पोट पट्ट्यावरून बाहेर डोकावतं, कोलेस्टेरॉलची गोळी रात्री न चुकता घेतो. अंगात मात्र जाकीट कॉलेजातलं. छातीवर तीन ग्रीक अक्षरं, पाठीवर टोपणनाव आणि त्याखाली मोठा थोरला 7. तुकडीच्या रांगेत हा सातवा उभा राहायचा, म्हणून सात. जाकिटाची चेन लागेनाशी होऊन बरीच वर्षं झाली. ते उघडंच घालायचं असतं, असं तो सांगतो. न्यू जर्सीत फेब्रुवारीत, दातावर दात आपटत असतानाही सांगतो.

त्याचं खरं नाव आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं, चांगलं पौराणिक आहे. ते आता पासपोर्टवर आणि आईच्या संतापात तेवढं उरलंय. आम्ही एडिसनची मराठी मंडळी त्याला ब्रदरच म्हणतो, कारण त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी एक ब्रदर येतो आणि तो दर वेळी वेगळा असतो. गाडी घ्यायची म्हणा, "काका, माझा एक ब्रदर डीलरशिपमध्ये आहे." दाढ ठणकतेय म्हणा, "माझा एक ब्रदर डेंटिस्ट आहे." मृत्युपत्राचा विषय काढलात तर वकील ब्रदर, आणि त्याच्याही पुढची वेळ आलीच तर फ्युनरल होमवाला एक आहेच. आमच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा रात्री अकराला त्यानं प्लंबर ब्रदर धाडला. तो प्लंबिंगच्या कंपनीत अकाउंटंट निघाला. पण आला, आणि पहाटेपर्यंत माझ्याबरोबर बादल्या उपसत राहिला. या अकाउंटंटला लक्षात ठेवा.

आणि आमचा ब्रदर जन्मानं एकुलता एक.

आमच्या धाकटीला रटगर्सला प्रवेश मिळाल्याची बातमी फुटली, त्याच रविवारी तो बायकोला घेऊन चहाला हजर झाला. इथे कॉलेजात जाणाऱ्या पोरांना सल्ला देणाऱ्यांचा सुकाळ आहे. कुणी कॉम्प्युटर घे म्हणतो, कुणी मेडिकलचा मार्ग दाखवतो. ब्रदरचा सल्ला एकच: रश कर. रश म्हणजे सत्राच्या सुरुवातीला फ्रॅटर्निट्या आणि सोरॉरिट्या, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं मिरवणारी मुलांची आणि मुलींची मंडळं, नवी मुलं-मुली हेरतात तो हंगाम. पसंत पडलात तर ‘बिड’ येते. मग काही आठवडे तुम्ही ‘प्लेज’, म्हणजे उमेदवार. त्यातून तरलात की जन्माचे भाऊ किंवा बहीण. घटस्फोटाची सोय नाही.

फायदे सांगायला त्यानं 1776 पासून सुरुवात केली. त्या वर्षी 5 डिसेंबरला, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही पोरांनी फाय बीटा कापा स्थापन केली. देश जेमतेम पाच महिन्यांचा होता, अजून इंग्रजांशी लढाई चालू होती, आणि पोरं गुप्त हस्तांदोलन ठरवत बसली होती. "काका, विचार करा! देशाच्या आधी ब्रदरहुड सेटल झाली!" पुढचा भाग तो गाळतो. फाय बीटा कापानं 1831 च्या सुमारास गुप्तता सोडली आणि ती अव्वल विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी संस्था झाली. आता तिथे मार्क बघून घेतात. म्हणजे फ्रॅटर्निट्यांच्या मूळ पुरुषाच्या घरात ब्रदरला दारातूनच परत पाठवलं असतं.

तिथून गाडी आजच्या धर्तीची फ्रॅटर्निटी जिथे जन्मली त्या 1825 च्या युनियन कॉलेजवर, तिथून थेट व्हाइट हाउसवर. थोरले बुश आणि धाकटे बुश, दोघेही येलचे आणि दोघेही डेल्टा कापा एप्सिलॉनचे. मार्टिन ल्यूथर किंग अल्फा फाय अल्फाचे. कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठातल्या अल्फा कापा अल्फाच्या. ही नावं तो अशा आवाजात घेतो, की यांच्यापैकी कुणीतरी मागच्या गणपतीला त्याच्या पंक्तीला होतं असं वाटावं. तुरुंगात गेलेले ब्रदरही असणार, पण ती यादी कुणी पाठ करत नाही.

पाठांतरात मात्र त्याचा हात धरणारा नाही. प्लेज असताना पेटती काडी हातात धरून, ती बोटापर्यंत जळायच्या आत, अल्फापासून ओमेगापर्यंत चोवीस अक्षरं म्हणून दाखवावी लागत. ब्रदर ती आजही एका काडीत तीनदा म्हणतो. त्यानं आमच्या स्वयंपाकघरातली काडेपेटी मागून घेतली आणि म्हणून दाखवली. त्याच्या आईचं दुःख असं, की याच पोराला अकराचा पाढा पाठ व्हायला सहावी उजाडली आणि ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ला तो अजूनही पहिल्या ओळीनंतर नुसते ओठ हलवतो.

तळघरात त्याच्याकडे लाकडाची एक वल्ह्यासारखी जाड फळी टांगलेली आहे. तिच्यावर अक्षरं कोरलेली, रंगीत दोरा गुंडाळलेला. ती ‘पॅडल’. धाकट्या भावानं थोरल्याला कृतज्ञतेनं द्यायची भेट. गावाकडून आलेल्या त्याच्या आत्यानं ती धोपटणं समजून काढली आणि अंगणात सतरंजी बडवली. ब्रदर दोन दिवस जेवला नाही.

एवढं हसून झाल्यावर एक गोष्ट सांगायला हवी. तो पहिल्या वर्षाला होता तेव्हा आधी एका जुन्या, खांबाखांबांच्या घरात नांदणाऱ्या गोऱ्या फ्रॅटर्निटीच्या रशला गेला होता. तिथल्या पोरांनी त्याला बिअर दिली, खांद्यावर हात ठेवला, नाव तीनदा विचारलं, तीनदा चुकवलं आणि बिड काही पाठवली नाही. हे तो हसत हसत सांगतो, पण बिस्किट हातातच राहतं. जुन्या फ्रॅटर्निट्यांचे दरवाजे कित्येक वर्षं रंग आणि धर्म पाहून उघडत होते. म्हणून तर 1906 मध्ये कॉर्नेलला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली. ज्यूंनी आपल्या वेगळ्या काढल्या. आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या पोरांनी तेच केलं: 1994 ला बिंगहॅम्टनमध्ये, 1996 ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, 1998 ला ऑस्टिनमध्ये. त्याच लाटेत आमच्या ब्रदरला पंजाबी, गुजराती, तेलुगू, एक बांगलादेशी आणि एक वाट चुकलेला पोर्तो रिकन, असे भाऊ मिळाले. घर नव्हतं, खांब नव्हते. कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत गादीवर बैठक.

त्याच्या लग्नाला हे सगळे आले होते. भटजींनी शेवटचं ‘सावधान’ म्हटलं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या न पडल्या तोच मागच्या रांगेतल्या पंचवीसएक पुरुषांनी एकदम असा हाकारा दिला, की भटजींच्या हातून ताम्हन निसटलं आणि मुलीची आजी "आग लागली का गं?" म्हणत उठून उभी राहिली. मग ते सूटबूटवाले एकामागे एक रांग धरून, पाय आपटत, मांडीवर थापा मारत मांडवाभोवती फिरले. याला ‘स्ट्रोल’ म्हणतात. चाल मूळची कृष्णवर्णीय फ्रॅटर्निट्यांची. आमच्या मंडळींनी तिच्यात भांगडा कालवला होता. नवरदेव होमासमोर बसल्या बसल्या पायानं ठेका धरत होता. भटजींनी दक्षिणा वाढवून मागितली, ती न कुरकुरता मिळाली.

या सगळ्यावर त्याचे वडील, अण्णा, एकच वाक्य बोलतात. अण्णा कराडजवळच्या खेड्यातले. 1974 मध्ये इंजिनिअर म्हणून इकडे आले, पण खरं म्हणजे भावकीला कंटाळून आले. चुलतभावानं बांध कोरत कोरत दोन हात आत आणला होता. पाटाचं पाणी रात्री तोडायचं, दिवसा लग्नात मानाचं पागोटं बांधून घ्यायचं, असा तो खाक्या. कराडच्या कोर्टात दावा, तारखांवर तारखा. "मी भावकी टाळायला सातासमुद्रापार आलो," अण्णा म्हणतात, "आणि या गाढवानं सेमिस्टरची वर्गणी भरून ती विकत घेतली."

मला विचाराल तर फ्रॅटर्निटीच्या फायद्यांवर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. भावकी म्हणजे तुमची निवड नसलेली माणसं तुमच्या सुखदुःखात हक्कानं घुसतात. घर बदलताना अकरा जण ट्रक घेऊन आले, हा झाला फायदा. त्यातल्या दोघांनी फ्रिज जिन्यावरून सोडला, ही झाली त्याची किंमत. ब्रदरची पहिली नोकरीही अशीच लागली. मुलाखत घेणाऱ्यानं अर्जावर अक्षरं पाहिली आणि टेबलाखालून हात पुढे केला. आम्ही याला गावात वशिला म्हणायचो. इथे नेटवर्किंग म्हणतात आणि त्यावर सेमिनार घेतात.

आणि अण्णांच्या बायपासच्या वेळी दवाखान्यात पाळ्या लागल्या होत्या. बाहेरच्या बाकावर रात्री कुणी ना कुणी जाकीटवाला बसलेला. चौथ्या दिवशी शुद्धीवर येऊन जरा तरतरी आल्यावर अण्णांनी विचारलं ते मुलाबद्दल नव्हतं. "तो हिशेबनीस आज येणार आहे का? त्याच्याशी रमीचा डाव अर्धा राहिलाय."

धाकटीला हे सगळं पटत चाललं होतं. तेवढ्यात ब्रदरनं खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कात्रण काढलं. 2018 मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी ईशान्य अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. फ्रॅटर्निटीवाल्यांची पुढची कमाई सुमारे 36 टक्क्यांनी जास्त भरते, असा त्यांचा निष्कर्ष. "छत्तीस, काका!" कात्रण वरून जरा तिरपं कापलेलं होतं. धाकटीनं तिथेच फोनवर मूळ लेखाचा सारांश शोधला. त्यात त्याच दमात असंही होतं, की फ्रॅटर्निटीत गेल्यानं चारपैकी मिळणाऱ्या सरासरी गुणांत पाव गुणाची घट होते. "तो भाग कात्रीत गेला," असं ब्रदर म्हणाला. त्याची बायको हसली. तिला त्याचे मार्क माहीत आहेत.

मग धाकटीनं आमच्यापैकी कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. "हेझिंग?"

आपण ज्याला रॅगिंग म्हणतो तेच, फक्त इथे ते भाऊ करून घेण्याच्या नावाखाली चालतं. 2017 मध्ये पेन स्टेटला एकोणीस वर्षांचा मुलगा अशाच रात्री दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला, आणि घरभर ‘भाऊ’ असताना मदतीसाठी फोन जायला जवळपास बारा तास लागले. तो वाचला नाही. पेनसिल्व्हेनियानं पुढच्या वर्षी त्याच्या नावानं कायदा केला. देशपातळीवरचा कायदा यायला 2024 चा डिसेंबर उजाडला.

"आमच्या वेळी तसं काही नव्हतं," ब्रदर म्हणाला.

"पाचव्या आठवड्यात काय झालं ते सांग ना," बायको म्हणाली.

पाचव्या आठवड्यात काय झालं, ते ब्रदर सांगत नाही. एवढंच कळलं, की त्या रात्री रांगेतल्या एकानं "हे मी करणार नाही" म्हटलं, बूट घातले आणि निघून गेला. तो अकाउंटंट. म्हणजे ज्यानं बादल्या उपसल्या, ज्यानं अण्णांच्या उशाशी पत्ते पिसले, तो कागदोपत्री ब्रदर नाहीच. अक्षरं नाहीत, जाकीट नाही, नंबर नाही. "मी लग्नाआधीही हा प्रश्न विचारला होता," बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "उत्तर येतंय अजून."

ती स्वतः सोरॉरिटीची. तिच्या बहिणींच्या पोरांचे वाढदिवस, कुणाची डिलिव्हरी, कुणाचा घटस्फोट, कुणाला आठवडाभर डबा पोचवायचा, याचा एक तक्ता तिच्या फोनवर असतो आणि तो कधी चुकत नाही. त्यावर ती कधी बोलत नाही, जाकीटही घालत नाही. धाकटीनं ब्रदरचं कात्रण परत केलं आणि तिचा फोन नंबर घेतला.

मागच्या महिन्यात त्यांच्या तुकडीचा पंचविसावा मेळावा ठरला आणि ग्रुपवर रणकंदन माजलं. वाद दोन. एक, ज्यांनी माजी सदस्यांची वर्गणी थकवली त्यांना टी-शर्ट द्यायचा का. आणि दुसरा, अकाउंटंटला बोलवायचं का. बोलवलं तर अक्षरांचं जाकीट द्यायचं का. डेंटिस्ट ब्रदर म्हणाला, नियम म्हणजे नियम. वकील ब्रदरनं घटनेचं कलम टाकलं. डीलर ब्रदर रागानं ग्रुप सोडून गेला, त्याला परत आणलं, तो परत गेला. आमचा ब्रदर फोन घेऊन घरभर येरझारा घालत होता. शेवटी अण्णांनीच आरामखुर्चीतून हात पुढे केला. "स्पीकरवर टाक."

पलीकडे वीस-बावीस भाऊ, चार टाइम झोनमध्ये. अण्णांनी घसा खाकरून इंग्रजीत विचारलं, या माणसाचं नाव तुमच्या रजिस्टरला आहे का? नाही, सर. तो तुमच्यात वावरतोय किती वर्षं? पंचवीस, सर. मधे कुणी त्याला लेखी हरकत घेतली? नाही, सर.

"मग संपलं," अण्णा मराठीत म्हणाले. "बारा वर्षं उघड वहिवाट झाली आणि कुणी हरकत घेतली नाही, तर सातबाऱ्यावर नाव असो नसो, कबजेदाराला हलवता येत नाही. याच मुद्द्यावर माझा दोन हात बांध गेलाय. भाषांतर कर रे."

ब्रदरनं केलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग वकील ब्रदरचा आवाज आला, की कायदा हा असाच आहे. अण्णांनी खुर्ची जरा पुढे सरकवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं, आता त्या वर्गणी थकवणाऱ्यांची नावं वाच. एकेक करून. आणि सूनबाई, चहा टाक, हे लांबणार आहे."