ताजा मासा ओळखण्याची शास्त्रशुद्ध पद्धत
(रविवारी उशिरा उठणाऱ्या गृहस्थांसाठी)

मासा ताजा आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम. आपल्याला त्यातलं कळतं असं मासेवाल्या मावशीला वाटलं पाहिजे, हा मुख्य. त्यासाठी पुढील कृती क्रमाने कराव्यात.

1. पोशाख. इस्त्रीचा शर्ट घालू नये. पापलेटचा भाव शर्ट बघून ठरतो. पिशवी जुनी असावी. तिला गेल्या रविवारचा वास असेल तर उत्तम, अनुभवाचा वेगळा दाखला लागत नाही.

2. डोळे. ताज्या माशाचे डोळे तुकतुकीत, भरलेले, किंचित बाहेर आलेले असतात. शिळ्याचे खोल गेलेले आणि दुधाळ. वाकून पाहावे, पण रेंगाळू नये. एकदा मी सुरमईच्या डोळ्यांत इतका वेळ पाहत राहिलो की मावशी म्हणाली, “दादा, मोतीबिंदूचं डॉक्टर काय तुम्ही?” शेजारच्या तिघी हसल्या. त्या दिवशी घासाघीस करायचं धाडस झालं नाही.

3. कल्ले. लालभडक हवेत. तपकिरी आणि चिकट दिसले तर पुढच्या पाटीकडे वळावे. कल्ला स्वतः उघडून पाहावा. बोट रंगलं तर शर्टाला पुसू नये (कृती 1 पाहा).

4. दाबणे. बोट उचलताच खड्डा भरून आला पाहिजे. पापलेट कल्ल्याजवळ दाबतात: पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर नमस्कार. 2023 साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा घोषित केलं आहे, तेव्हा दाबताना अदब राखावी. बांगडा डोक्याकडून धरून आडवा उचलावा. ताठ राहिला तर घ्यावा, शेपटी लोंबली तर ठेवून द्यावा. बोंबलाला मात्र हा नियम लावू नये. तो समुद्रातूनच लुळा येतो. त्याची गुलाबीसर चमक पाहायची असते. हे ठाऊक नसल्याने एका चोखंदळ गृहस्थाने बोंबलाचे सात वाटे ‘मऊ’ म्हणून नाकारले. तो गृहस्थ मीच.

5. वास. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, ‘माशाचा’ नंतर. माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, त्याला वास नाही. जंतू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि मग शेजारी खिडक्या लावून घेतात. ही नावं बाजारात उच्चारू नयेत. उच्चारून होईपर्यंत मासा शिळा होतो.

6. तिसऱ्या आणि चिंबोऱ्या. या जिवंतच हव्यात. उघडी तिसरी टिचकी मारल्यावर मिटली पाहिजे. शिजल्यावरही उघडली नाही तर फेकून द्यावी. चिंबोरी जिवंत आहे का, हे बोट पुढे करून तपासू नये. आहे.

7. कॅलेंडर. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. जुलैत कुणी भलंमोठं पापलेट दाखवून “आत्ताच बोटीतून उतरलंय” म्हणालं, तर कुठल्या बोटीतून ते विचारून अवघडवू नये. शीतगृहातून उतरलेलं असतं.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. बर्फाविना तापत पडलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड चुरचुरतं, अंगावर पुरळ उठतो. आगळ आणि तिरफळ कितीही घाला, शिळा मासा ताजा होत नाही.

या साती कृती करून गेल्या रविवारी अकरा वाजता मी एक हलवा निवडला. मावशीने तो माझ्या हातातून काढून घेतला. “यो कालचा हाय दादा. आजचं म्हावरं सातलाच संपलं.” 

तात्पर्य: सातला बाजारात जावे. ते जमत नसेल, तर अंडी आणावीत.