नदीची सकाळपाळी

नदीकाठी एक दिवस नुसतं पडून राहायचं, या साध्या बेताला आठवडाभराची तयारी लागते, याचा दोष माणसांच्या हौसेला देतात. माझ्या मते दोष नद्यांचा आहे. आपल्याकडची नदी शांत असते तेव्हा बहुधा तिच्यात पाणी नसतं, आणि पाणी असतं तेव्हा ती शांत नसते. जुलैत काठावर चटई टाकली की ती नदीला अर्पण झाली समजा. मे महिन्यात त्याच पात्रात पोरं स्टंप रोवतात. उरतात दसरा ते संक्रांतीचे रविवार, आणि त्यातल्या बऱ्याच रविवारी कुणाचं तरी लग्न असतं.

जाणकार म्हणतात, मग कोलाडला जा, कुंडलिका बारमाही आहे. आहे खरी, पण का ते पाहा. मुळा नदीचं पाणी स्वतःच्या मर्जीनं पुण्यावरून भीमेत, कृष्णेत आणि सावकाश बंगालच्या उपसागरात गेलं असतं. मुळशीला धरण बांधून ते सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवलं. 1927 पासून तिथे त्यावर वीज होते, आणि मग ते कुंडलिकेतून रेवदंड्याकडे, अरबी समुद्राला जातं. (या धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी. बुडालेल्या जमिनींवर विनोद करायचा नसतो, म्हणून पुढे जातो.) थोडक्यात, ही नदी नोकरदार आहे. वीजघरातून पाणी सुटेल तसा तिला जोर येतो, म्हणून राफ्टिंगवाले सकाळीच बोलावतात. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला गोटे. साडेआठला कोलाड, म्हणजे उजाडताना ताम्हिणी, म्हणजे पुण्यातून पाचला निघणं, म्हणजे बटाटे आदल्या रात्रीच उकडणं. विश्रांतीचा दिवस शनिवारी कुकरच्या शिट्टीनं सुरू होतो.

कुणी म्हणेल, राफ्टिंग हवंय कुणाला? काही न ठरवता उठावं आणि निघावं. पण न ठरवता निघणाऱ्या पुरुषांच्या डब्यातही दशम्या निघतात, आणि त्या डब्यात आपोआप उगवत नाहीत. शिवाय काठ शांत का असतो? तिथे चहाची टपरी नाही, सावलीचं छप्पर नाही, आडोसा नाही, मोबाइलला रेंज नाही म्हणून. जिथे काहीच नाही तिथे सगळंच न्यावं लागतं: थर्मास, सतरंजी, ओडोमॉस आणि, नदीवर चाललो असलो तरी, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. एखादा हौशी स्पीकरही आणतो, शांतता अंगावर येऊ नये म्हणून. घाटात अंधार नको, तेव्हा चारला परत फिरायचं. राहतो तो जेवणानंतरचा तासभर. तोही गाडी चालवणाऱ्या एकट्यालाच मिळतो; घाटात त्याला डुलकी लागू नये म्हणून त्याला झोपू देतात, आणि बाकीचे हळू आवाजात निघायच्या वेळेवरून भांडतात.